जाफरभाईंचा अंगठा

हॅलो, हॅलो. मागपर्यंत आवाज येतोय का?

येत असेल तर ऐका. मी एक माईक. आजवर माझ्यातून हजारो माणसं बोलली, पण मी कधी मध्ये तोंड घातलं नाही. माझं कामच तसं. समोरच्याचा आवाज आत घ्यायचा आणि वायरीतून पुढं ढकलायचा. आपल्यापाशी काही ठेवून घ्यायचं नाही. पण एकदा एका माणसाचं बोलणं माझ्यापाशीच राहून गेलं. ते आता मला पेलवत नाही, म्हणून आज पहिल्यांदा स्वतःचं बोलायला बसलोय.

माझा जन्म दिल्लीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. लोखंडी अंग, डोक्यावर जाळी आणि जाळीखाली एक पातळ पडदा. आवाज आला की तो पडदा थरथरतो. तेच माझं काळीज म्हणा. अंगावर एक सरकतं बटण आहे. वर सरकवलं की मी चालू, खाली ओढलं की बंद. या बटणाचं एक आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं तिथंच अडलं. बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं. पडदा थरथरायचा राहत नाही. फक्त ऐकलेलं पुढं जात नाही.

खोक्यातून मी सांगलीच्या एका दुकानात आलो आणि तिथून तासगावच्या जाफरभाईंच्या हातात. दुकानदार चार माईक दाखवत होता. जाफरभाईंनी मला उचललं, तळहातावर तोललं, जाळीवर नखानं दोनदा टिचकी मारली आणि नुसतं 'हॅलो' म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. खालून वर भरत येणारा, जड, आणि तरी प्रत्येक शब्द सुटा.

जाफरभाईंचा धंदा जाहिरातीचा. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधायचा, मागच्या सीटवर मशीन ठेवायचं आणि बोलत गावभर फिरायचं. द्राक्षाच्या औषधाचं दुकान उघडलं, उद्या नळाला पाणी येणार नाही, बाजारात निळ्या फ्रॉकातली पोरगी सापडलीय, तिच्या आईनं चौकीत यावं. तासगावला काय चाललंय ते तासगावला जाफरभाईंच्या तोंडून कळायचं. आणि सिनेमाच्या जाहिरातीत तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सिनेमा त्यांनी स्वतः बघितलेला नसायचा. पोस्टरवरच्या चेहऱ्यांवरून गोष्ट जुळवायचे. रडका सिनेमा असला की शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "येताना रुमाल घेऊन या. एक न्हाई, दोन आणा." बायका खरंच दोन दोन रुमाल घेऊन जायच्या.

बाहेर हा असा गरजणारा माणूस घरात मात्र मुका. घसा राखायचा असायचा ना. रिक्षातून उतरले की ओठ मिटले. दोन बोटं वर केली की चहा, पंजा आडवा फिरवला की जेवायला वाढ, कानाला हात लावला की पोराला गप्प बसव. त्यांच्या बेगम नूरजहां आणि मुलगा कैफ या खुणांवरच संसार करत आले. कैफ तर अक्षरं वाचायला शिकण्याआधी बापाचे हात वाचायला शिकला. घरची बोली वेगळी होती, पण जाफरभाईंची मी जी ऐकली ती मराठीच. माईक हातात आला की त्यांच्या तोंडी दुसरं काही यायचं नाही.

आता अंगठ्याचं सांगतो. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. आठवडी बाजार भरलेला, रिक्षा मधोमध उभी आणि नूरजहां भाजी घ्यायला आलेल्या. त्यांनी जवळ येऊन भेंडी घेऊ का, असं विचारलं. जाफरभाईंनी मला तोंडापासून थोडं बाजूला केलं आणि म्हणाले, "भेंडी नको. तुझ्या भेंडीला तेल लय असतंय, घसा धरतो. कालचीच आमटी चालंल." बटण चालूच होतं. सगळ्या बाजाराला भोंग्यातून जाफरभाईंच्या घरच्या भेंडीची खबर लागली. भाजीवाल्या पोट धरून हसल्या. नूरजहां पदर तोंडावर घेऊन तिथून ज्या निघाल्या त्या पुढचे कितीतरी बाजार आल्या नाहीत. आणि जाफरभाई दिसले की कुणीही म्हणायचं, "काय जाफरभाई, भेंडी देऊ का?"

त्या दिवसापासून त्यांनी अंगठ्याला वळण लावलं. लोकांशी बोलायचं असलं की अंगठा वर. घरच्या माणसाकडं तोंड वळलं की अंगठा खाली. पुढं पुढं त्यांना ठरवावंही लागत नसे. नूरजहांची किंवा कैफची चाहूल लागली की अंगठा आपोआप बटण खाली ओढायचा. पापणी मिटते ना, तसं. माझ्या बटणाशेजारी त्या अंगठ्यानं घासून घासून रंग उडालाय, ती जागा अजून दिसते.

दिवस पालटले. सिनेमा कुठं लागलाय ते लोकांना मोबाईलवर दिसायला लागलं. रिक्षा पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मी कपाटात गेलो. कैफ मोठा झाला, त्यानं कराडला लागून असलेल्या मलकापुरात फोटो स्टुडिओ टाकला. मुबश्शिराशी लग्न झालं. दोघांनी मिळून एक चॅनल काढलं. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की कराडातल्या थिएटरबाहेर उभं राहायचं. मुबश्शिरा कॅमेरा धरणार, कैफ बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडापुढं माईक धरून विचारणार, कसा वाटला सिनेमा?

थकल्यावर जाफरभाई आणि नूरजहां मलकापूरलाच राहायला आले. एके दिवशी जाफरभाईंनी पोराचं काम बघितलं. भिंतीला टेकून बराच वेळ उभे होते. कैफ माणसामागून माणूस गाठत होता, मान डोलवत ऐकत होता. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "कसं वाटलं, अब्बा?" जाफरभाईंनी उजवा हात थोडा वर केला आणि नुसता हलवला. बापाचे सगळे हात वाचणाऱ्या कैफला तो एक हात काही वाचता आला नाही. बापाला आपलं काम फालतू वाटलं, असंच त्यानं मनाशी धरलं. मुबश्शिरा म्हणायची, परत विचारा की. पण ते त्याच्याच्यानं झालं नाही.

मग जाफरभाईंचा घसा बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. जन्मभर ओरडलेला माणूस, घसा बसणारच. काढे झाले, हळदीचं दूध झालं. शेवटी मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्या दिवशी घरात सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की जाफरभाईंचा आवाज कुणापाशीच भरून ठेवलेला नाही. दोन तालुक्यांनी ऐकलेला आवाज, आणि पुरावा म्हणून एक वाक्य नाही. कैफच्या लग्नाच्या व्हिडिओत जाफरभाई बोलताना दिसतात, पण वरून गाणी चढवलेली. फोनवर ते 'हां, हूं'च्या पुढं कधी गेले नव्हते. ज्याचा धंदाच दुसऱ्यांचे आवाज भरायचा, त्या कैफच्या मनाला ते फार लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं मला कपाटातून काढलं, पुसलं आणि आवाज भरायच्या मशीनला जोडलं. अब्बा, जे मनात असेल ते बोला, म्हणाला. जाफरभाईंनी मला हातात घेतलं. आवाज घोगरा झाला होता, पण पकड तीच. जाळीवर दोनदा टिचकी. "हॅलो, हॅलो. कैफ, येतोय का आवाज?" मशीनवरचे हिरवे दिवे नाचले. कैफनं मान हलवली. मग जाफरभाईंनी सगळ्यांना बाहेर जायची खूण केली. रिक्षात बसून न दिसणाऱ्या लोकांशी बोलायची सवय. समोर आपलं माणूस बसलं की त्यांना बोलता येईना.

दार लोटलं गेलं. जाफरभाईंनी दाराकडं बघितलं, दारापलीकडच्या आपल्या माणसांकडं बघितलं म्हणा, आणि त्यांचा अंगठा खाली सरकला.

मला कळलं. मी काय करणार होतो? हिरवे दिवे विझले, पण जाफरभाईंची पाठ मशीनकडं होती. ते बोलायला लागले. घरात जन्मभर न बोललेला माणूस त्या दुपारी उन्हं उतरेपर्यंत बोलत होता. नूरजहांसाठी बोलला, कैफसाठी बोलला, मध्येच हसला, पाणी प्यायला आणि परत बोलला. माझा पडदा एकेका शब्दाला थरथरत होता. वायरीत मात्र काही नव्हतं.

ऑपरेशन झालं. जाफरभाई शुद्धीवर यायच्या आधी कैफ दवाखान्याच्या जिन्यात कानाला हेडफोन लावून बसला. दोन टिचक्या. हॅलो, हॅलो, कैफ, येतोय का आवाज? आणि पुढं काही नाही. पुढं असेल, पुढं असेल करत तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं हेडफोन गळ्यात घेतला आणि भिंतीला डोकं टेकलं. वायर ढिली असणार, आपणच नीट बघितली नाही, असं त्याला वाटलं. ती वायर त्यानं त्याच दिवशी दवाखान्याबाहेरच्या कचराकुंडीत टाकली. बिचारी वायर, तिचा काय दोष!

जाफरभाईंच्या गळ्याला भोक ठेवलं होतं, श्वास आता तिथून चालायचा. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी भुवया उंचावल्या. भरलं का नीट, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कैफ म्हणाला, "सगळं आलंय अब्बा. एकदम साफ." जाफरभाईंनी डोळे मिटले, मग छातीवर हात ठेवून तो दूर नेला. माझ्या माघारी ऐका, अशी ती खूण. ती मात्र कैफला बरोबर वाचता आली.

खोटं एकदा बोललं की निभवावं लागतं. नूरजहांनाही त्यानं हेच सांगितलं. म्हातारी खूश होती, आपल्याला काय सांगून ठेवलंय ते एक दिवस ऐकायला मिळणार म्हणून. खरं काय ते फक्त मुबश्शिराला माहीत होतं. गळ्याला लावून बोलायचं यंत्र कैफनं आणून दिलं, पण त्यातून निघणारा घरघरता आवाज ऐकून जाफरभाईंनी ते डब्यात घालून ठेवलं. त्यांना खुणा पुरत होत्या. तसं बघायला गेलं तर घरात फारसं काही बदललं नव्हतं, आणि याचंच नूरजहांना जास्त वाईट वाटायचं.

कैफनं मला चॅनलच्या कामाला लावलं. त्याच्याकडं कॉलरला लावायचे नवे, बिनवायरीचे माईक होते, पण तो मलाच घेऊन जायचा. डोक्यावर स्पंजाची टोपी, गळ्यात चॅनलच्या नावाचा चौकोनी ठोकळा. असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. पहिल्या आयुष्यात मी एकाच माणसाचं ऐकलं, दुसऱ्यात वाटेल त्याचं. सिनेमा बघून बाहेर आलेल्या माणसाची एक गंमत असते. डोळे अजून ओले असतात आणि तोंडानं म्हणतो, पैसा वसूल. आधी केस सारखे करतो, मग मत देतो. आणि खरं बोलतो ते कॅमेरा दुसरीकडं वळल्यावर, जाता जाता.

यंदा पावसाळा सरता सरता 'परतीची यष्टी' हा सिनेमा लागला. त्यात पन्नाशीचा एक माणूस गावच्या स्टँडवर उभा असतो. एक जुनी लाल यष्टी येते आणि त्याला त्याच्या लहानपणातल्या एका दिवशी गावात नेऊन उतरवते. संध्याकाळच्या फेरीनं परत यायचं. त्या दिवशी घरात दोन भावांचं भांडण होऊन घर फुटणार असतं, ते हा थांबवायला जातो. पण त्याला कुणी ओळखत नाही. पाहुणा म्हणून ओट्यावर बसतो, आईच्या हातचं जेवतो, भांडण व्हायचं ते होतंच, आणि बाहेर यष्टी हॉर्न देते. एवढीच गोष्ट. लोक मात्र बाहेर येताना पायरीवर थबकत होते.

कैफनं त्या वेळी एक नवा प्रश्न जोडला. सिनेमा कसा वाटला हे विचारून झालं की तो म्हणायचा, "अशी यष्टी तुम्हाला मिळाली तर कुठल्या दिवशी उतराल?" तो प्रश्न त्याला का सुचला ते मला आणि मुबश्शिरालाच माहीत.

सांगलीकडचे आदगोंडा म्हणून एक शेतकरी होते, सोबत पत्नी त्रिशलाबाई. त्यांनी सिनेमाला झकास म्हटलं, आणि यष्टीचं विचारल्यावर मिशीत हसून म्हणाले, "मी उतरनारच न्हाई गड्या. कंडक्टरला म्हनीन, घे पुढं." सगळे हसले. मुबश्शिरानं कॅमेरा वळवला, तेव्हा त्रिशलाबाई कैफच्या जवळ सरकल्या. थोरला पोरगा रुसून घर सोडून गेला त्या दिवशी यांनी त्याला जेवायला हाक मारली नाही, म्हणून उतरायची भीती वाटते यांना, असं त्यांनी हळूच सांगितलं आणि नवऱ्यामागून निघून गेल्या.

माण तालुक्यातले आकाराम मुंबईला गोदीत कामाला. गावी जाताना कराडला बहिणीकडं थांबले होते. त्यांनी हिरोचं काम, गाणी, सगळ्याची तारीफ केली. मग म्हणाले, "एक तेवढं खोटं वाटलं. यष्टी येळेवर येती दाखवलीय. आमची आई गेली तवा मी दहिवडीच्या गाडीची वाट बघत उभा हुतो. गाडी आलीच न्हाई. बाकी सिनेमा लय भारी." आणि पाचपैकी चार स्टार देऊन ते गेले.

कॉलेजातली संयोगिता मात्र रागावलेली होती. तिला सिनेमा अर्धवट वाटला. तिचं म्हणणं, हिरो मागं जाऊन सगळ्यांना शहाणपण शिकवतो, पण आईला एकदाही विचारत नाही की तुला काय वाटतं. एवढ्या लांब जाऊन विचारायचंच राहिलं तर गेला कशाला? कैफनं तिला पुढचा प्रश्न विचारलाच नाही. माझ्यावरची त्याची पकड तेवढी घट्ट झाली.

पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला जाफरभाई आणि नूरजहां आले. जाफरभाईंच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल, भोक झाकायला. जन्मभर सिनेमांच्या जाहिराती केलेला माणूस, त्यानं थिएटरात बसून पुरा सिनेमा बघितल्याला वर्षं लोटली होती. बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. कैफ त्यांना बाजूला घेऊन बसवणार होता, पण नूरजहां म्हणाल्या, "समद्यांना इचारतोस. ह्यांनाबी इचार की."

कैफ घुटमळला. जाफरभाईंनीच हात पुढं केला. किती दिवसांनी तो हात माझ्याभोवती आला! पकड हलकी झाली होती, बोटं मात्र आपापल्या जागी बसली. अंगठा बटणावर, बटण वर. त्यांनी माझी स्पंजाची टोपी काढली आणि जाळीवर दोनदा टिचकी मारली. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. जाफरभाईंनी कॅमेऱ्याकडं बघून ओठ हलवले. मला मिळाला तो नुसता श्वास, तोही गळ्यातून. नूरजहां त्यांच्या ओठांकडं बघत होत्या. त्यांनी सांगितलं, "म्हनत्यात, येताना रुमाल घेऊन या. एक न्हाई, दोन आणा."

लोक हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. जाफरभाईही हसले. मग ते घरच्यांकडं वळले, त्यांना काही सांगायचं होतं. आणि तेवढ्यात हेडफोन लावलेली मुबश्शिरा म्हणाली, "अहो, सगळंच बंद झालं. गाड्यांचा आवाजसुद्धा येईना."

कैफ वायर बघायला वाकला. वायर ठीक होती. मग त्याची नजर वर आली आणि जाफरभाईंच्या अंगठ्यावर थांबली. अंगठा खाली होता.

त्याला सगळं कळलं. बाजार, भेंडी, दार लोटलेली ती दुपार. वडलांच्या दंडाला धरून त्यानं त्यांना आवारातल्या कट्ट्यावर नेलं, नूरजहांना शेजारी बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"अब्बा, त्या दिवशीचं काहीच आलेलं न्हाई. मी खोटं बोललो."

नूरजहांनी त्याच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. जाफरभाई आपल्या अंगठ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता हे मला फेकून देतील, आणि दिलं असतं तरी मला राग आला नसता. त्यांनी बटण वर सरकवलं आणि मला डाव्या हातात घेतलं. डाव्या अंगठ्याला कसलीच सवय नव्हती. मग मुबश्शिराला खूण केली, लाव कॅमेरा.

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ तेच शब्द बोलत होते. मला ओळखू येत होतं, कारण ते सगळं मी एकदा ऐकलेलं होतं. तेव्हा आवाज होता आणि बटण बंद होतं. आता बटण चालू होतं. नूरजहां एकेक शब्द टिपायला बघत होत्या, निम्मे निसटत होते. "भेंडी म्हनत्यात," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "राखलं, राखलं म्हनत्यात. काय राखलं?"

मला ठाऊक होतं काय ते. त्या दुपारी जाफरभाई म्हणाले होते, "नूर, तुझ्या हातची भेंडी मला लय आवडायची. घशापायी कवा पोटभर खाल्ली न्हाई. खायाचं राखलं, बोलायचं राखलं. समदं घशासाठी राखलं, आन घसाच चालला. तुझ्याशी बोलाय पायजे हुतं."

मग ते कैफकडं वळले. उजवा हात थोडा वर केला आणि नुसता हलवला. तोच हात. कैफ पुढं सरकला. जाफरभाईंचे ओठ उघडले आणि त्याच वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली. गळ्याचं भोक भरून आलं, रुमाल ओला झाला, अंग थरथरायला लागलं. नूरजहांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. शांत झाल्यावर जाफरभाईंनी कैफच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटानं हवेत पुढं असा गोल काढला. बाकीचं पुढच्या वेळी.

ती पुढची वेळ आली नाही. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. थंडी पडायच्या आत जाफरभाई गेले. माझ्या माघारी ऐका, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून चाळिसावा दिवस झाल्यावर घरची माणसं ऐकायला बसली. आधी त्या दुपारच्या दोन टिचक्या आणि 'हॅलो, हॅलो', मग थिएटरबाहेरचे गाड्यांचे आवाज, लोकांचं हसणं, आणि श्वास. नूरजहां डोळे मिटून ऐकत होत्या. टिचक्या आणि ते 'हॅलो' त्यांनी परत लावायला सांगितलं. अजूनही दर शुक्रवारी सांगतात. कैफ मात्र शेवटचा तुकडा बघतो. हलणाऱ्या हातापाशी थांबवतो आणि मुबश्शिराला विचारतो, काय म्हणायचं असेल गं त्यांना? तिला तरी काय माहीत असणार.

आता माझ्या बटणावर कैफनं काळी चिकटपट्टी लावलीय. मी कायमचा चालू. दर शुक्रवारी आम्ही थिएटरबाहेर असतो. सिनेमे बदलतात, यष्टीचा प्रश्न तोच राहिलाय. लोक उत्तरं देतात आणि कैफ ऐकतो. तो स्वतः कुठल्या दिवशी उतरणार, हे त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. माझ्यात आवाज शिरतो, माझ्यातून कैफला ऐकू जाईल असं मला काही बोलता येत नाही. तुम्ही कधी कराडवरून गेलात आणि एखाद्या शुक्रवारी थिएटरबाहेर जुनाट लोखंडी माईक घेतलेला माणूस दिसला, तर थांबा. तो विचारेल त्याचं उत्तर द्या. आणि मग त्याला त्याच्या बापाचं एवढं बोलणं सांगा. मी ते जसंच्या तसं जपलंय.

"कैफचं काम मी बघितलं. तवा हात हलवला, पोराला वाटलं आसंल बापाला पटलं न्हाई. मी जनमभर लोकांना वरडून सांगत फिरलो. तुला काय वाटतं, आसं कवा कुनाला इचारलं न्हाई, घरात बी न्हाई. ह्यो इचारतो, आन समोरचा बोलस्तवर माईक धरून उभा ऱ्हातो. हे माझ्याच्यानं झालं नसतं. हात हलवला त्यो त्यासाठी."

तेवढं सांगून झालं की माझ्या जाळीवर दोनदा टिचकी मारा. मला कळेल, पोचलं म्हणून.